सजगतेचे प्रशिक्षण : कोणासाठी, कशाच्या तुलनेत, कशाच्या बदल्यात?

मनावरील ताण कमी करण्यासाठी सजगतेचे प्रशिक्षण घ्यावे, हा सल्ला गेल्या काही दशकांत रुग्णालये, शाळा, तुरुंग आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या अशा एकमेकांपासून अगदी भिन्न ठिकाणी दिला जाऊ लागला आहे. सजगता म्हणजे चालू क्षणी शरीरात, मनात आणि भोवताली जे घडत आहे त्याकडे, त्याला लगेच चांगले किंवा वाईट न ठरवता, जाणूनबुजून लक्ष देणे. या अवधानाच्या सरावाची पद्धतशीर मांडणी पाली वाङ्मयातील सतिपट्ठान सुत्तात आढळते, आणि १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या, इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांची मुळेही त्याच परंपरेत आहेत. आधुनिक वैद्यकात मात्र हा सराव १९७९ साली वेगळ्या रूपात आला. रेण्वीय जीवशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयात, नेहमीच्या उपचारांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी, धार्मिक परिभाषा बाजूला ठेवून आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आखला. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, घरी रोज सुमारे पाऊण तासाचा सराव आणि अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात एक संपूर्ण दिवस मौन, असे त्याचे स्वरूप होते. आज 'सजगताधारित ताणशमन' या नावाने जगभर दिले जाणारे प्रशिक्षण बहुतांशी याच आराखड्यावर उभे आहे.

या प्रशिक्षणाविषयी अभ्यासकांमध्ये दोन भूमिका दिसतात. एक भूमिका त्याला मानसिक उपचारांतील मोलाची भर मानते, तर दुसरी त्याच्याभोवती पुराव्यापेक्षा मोठी अपेक्षा उभी राहिली आहे, असे म्हणते. पुढील संवादात या दोन भूमिका दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी दिल्या आहेत : औषधोपचारांच्या जोडीने आठ आठवड्यांचे वर्ग घेणाऱ्या एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक. व्यक्ती कल्पित असल्या, तरी त्यांनी पुढे केलेले पुरावे प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील आहेत.

ताणाचे कारण आणि मनाचा वाटा

प्राध्यापक : डॉक्टर, ताणाची शास्त्रीय चर्चा ज्यांच्यापासून सुरू झाली असे मानतात, त्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली दाखवून दिले, की थंडी, इजा किंवा विषारी द्रव्य अशी कारणे वेगवेगळी असली, तरी प्राण्यांचे शरीर त्या सर्वांना साधारण एकाच पद्धतीने प्रतिसाद देते. माणसाच्या बाबतीत ही कारणे म्हणजे थकलेले कर्ज, हुलकावणी देणारी नोकरी, घरातले आजारपण आणि गर्दीतला रोजचा लोकलप्रवास. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्याने कर्ज फिटत नाही आणि नोकरीही मिळत नाही. मग प्रशिक्षणाने ताण कमी होतो असे म्हणताना नेमके काय कमी होते, हे आधी स्पष्ट व्हायला हवे.

डॉक्टर : सर, बाहेरचे कारण कमी होत नाही, हे निःसंकोच मान्य करायला हवे. कमी होतो तो त्या कारणावर मनाने चढवलेला वाढीव भार. रिचर्ड लॅझरस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ साली विस्ताराने मांडलेल्या सिद्धांतानुसार घटना आणि ताण यांच्या मध्ये मूल्यमापनाची एक पायरी असते : समोरची गोष्ट आपल्याला धोक्याची आहे का, आणि तिला तोंड देण्याचे बळ आपल्यापाशी आहे का, याचा अंदाज मन सतत घेत असते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या आणि पूर्वपरीक्षेत दोनदा अपयश आलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. पुस्तकाचे पान उघडेच राहते, नजर त्याच ओळीवर खिळलेली असते आणि मनात मात्र वयाची मर्यादा, गावाकडे विचारले जाणारे प्रश्न, वडिलांनी पाठवलेले पैसे, हे चक्र फिरत राहते. परीक्षा चार महिन्यांवर असते, पण छातीत आताच आवळल्यासारखे होते, खांदे ताठरतात आणि ताणाच्या प्रतिसादात स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक आताच वाढू शकते. तेच ते विचार उगाळत बसण्याची ही सवय नैराश्य आणि चिंता वाढवते, असे मानसशास्त्रातील अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रशिक्षण या साखळीतला एकच दुवा सैल करते : 'आपण नापास होणार' हे भविष्य म्हणून न पाहता, मनात आत्ता उमटलेला एक विचार म्हणून पाहायला ते शिकवते.

प्राध्यापक : पण असे पाहायला शिकवता येते, याला आधार काय? 'विचारांपासून अलिप्त राहा' हा उपदेश तर प्रत्येक कीर्तनकार आणि प्रत्येक प्रवचनकार करत आला आहे.

डॉक्टर : उपदेश आणि सराव यांतला फरक पहिल्याच वर्गात कळतो. प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवला जातो. आधी तो नुसता पाहायचा : त्याच्या सुरकुत्या, त्यांवर पडणारा उजेड, देठ तुटला तिथली बारीक खूण. मग बोटांत फिरवायचा, कानाजवळ नेऊन दाबायचा, हुंगायचा. त्यानंतर तो जिभेवर ठेवून, चावण्याची घाई होत असतानाही थांबायचे, आणि पहिल्या चाव्याबरोबर सुटणारी गोडी व ती गिळण्याची ओढ या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखायच्या. या काही मिनिटांत मन किती वेळा भलतीकडे गेले, हे बहुतेकांच्या प्रथमच लक्षात येते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी फोनवरून प्रश्न विचारले गेले, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामात नव्हते, आणि मन भरकटलेले असताना ते कमी आनंदी असल्याचे आढळले. मनुक्यावर जे करून पाहिले, तेच पुढच्या आठवड्यांत श्वासावर, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागावर आणि शेवटी नकोशा भावनांवर करायचे असते.

प्राध्यापक : मग एक अडचण उरतेच. ज्याच्या मनात भीती आहे त्याला भीतीकडेच बारकाईने पाहायला लावले, तर ती वाढणार नाही का?

डॉक्टर : ही शंका रास्त आहे, आणि तिची परीक्षा झालेली आहे. एमिली लिंडसे, डेव्हिड क्रेसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ताणाखाली असलेल्या १५३ प्रौढांना फोनवरून १४ धडे दिले. एका गटाला अनुभवाकडे लक्ष देणे आणि त्याचा स्वीकार करणे अशा दोन्ही गोष्टी शिकवल्या, दुसऱ्याला केवळ लक्ष देणे शिकवले आणि तिसऱ्याला सजगतेशी संबंध नसलेले धडे दिले. त्यानंतर सर्वांना परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावले. कॉर्टिसॉलची आणि वरच्या रक्तदाबाची वाढ इतर दोन्ही गटांपेक्षा कमी राहिली ती पहिल्या गटात. म्हणजे नुसते लक्ष पुरेसे ठरले नाही. आलेला अनुभव न झटकता आणि त्याला चिकटूनही न राहता, त्याला येऊ आणि जाऊ देण्याचे शिक्षण त्यासोबत लागले.

पुराव्याचे वजन आणि तुलनेचा प्रश्न

प्रक्रिया पटण्याजोगी असणे आणि उपचार परिणामकारक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचाराचा परिणाम ठरवताना सहभागी व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने गट पाडले जातात, एका गटाला उपचार दिला जातो आणि दुसऱ्याशी त्याची तुलना केली जाते. या पद्धतीला यादृच्छिक चाचणी म्हणतात. दोन्ही पक्षांना ही कसोटी मान्य होती. मतभेद होता तो तुलनेच्या दुसऱ्या बाजूला काय ठेवावे, याविषयी.

डॉक्टर : सर्वांत भक्कम पुरावा नैराश्याच्या क्षेत्रातला आहे. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी सजगतेच्या सरावाला विचारपद्धतीवर काम करणाऱ्या बोधात्मक उपचाराची जोड देऊन एक अभ्यासक्रम तयार केला. नैराश्यातून बाहेर आलेल्या, पण आजार पुन्हा उलटण्याचा धोका असलेल्या १४५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ६६ टक्के रुग्णांचा आजार ६० आठवड्यांत उलटला. प्रशिक्षण घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. अशा रुग्णांसाठी या अभ्यासक्रमाची शिफारस ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २००४ सालीच केली गेली. पुढे २०१५ साली ४२४ रुग्णांवरील चाचणीत, औषधे हळूहळू कमी करत प्रशिक्षण घेणारे आणि औषधे चालू ठेवणारे यांची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४४ आणि ४७ टक्के निघाले.

प्राध्यापक : त्याच दोन चाचण्यांतले उरलेले निष्कर्षही सांगायला हवेत. पहिल्या चाचणीत ज्यांना नैराश्याचे फक्त दोन झटके आले होते, त्यांना प्रशिक्षणाचा फायदा झाला नाही. दुसऱ्या चाचणीचा हेतू प्रशिक्षण औषधांपेक्षा सरस आहे का, हे पाहण्याचा होता, आणि ते सरस ठरले नाही.

डॉक्टर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु वर्षानुवर्षे गोळ्या घेण्याची इच्छा नसलेल्या रुग्णाला, औषधांशी जवळपास बरोबरी करणारा दुसरा मार्ग उपलब्ध असणे, ही लहान गोष्ट नाही. चिंताविकारांच्या बाबतीत एलिझाबेथ होज आणि सहकाऱ्यांची २०२२ साली प्रसिद्ध झालेली चाचणीही याच दिशेने जाते. तिथे २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम हे प्रचलित औषध दिले गेले. आजाराच्या तीव्रतेत प्रशिक्षणाने सरासरी १.३५ अंकांची आणि औषधाने १.४३ अंकांची घट झाली, आणि हा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान असल्याचे ठरले.

प्राध्यापक : त्या चाचणीत आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे, हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते, साखरेची गोळी देऊन औषधाची परीक्षा घेता येते, तशी ध्यानाची घेता येत नाही. मूळ आक्षेप मात्र याहून व्यापक आहे. प्रशिक्षणाच्या अनेक चाचण्यांत दुसऱ्या बाजूला असतात ती केवळ नाव नोंदवून वाट पाहत बसलेली माणसे. आठ आठवडे आपुलकीने बोलणारा शिक्षक, आपल्यासारखाच त्रास असलेल्यांचा गट, रोज स्वतःसाठी राखून ठेवलेला वेळ आणि बरे वाटेल ही अपेक्षा, या चार गोष्टींनीच पुष्कळ फरक पडू शकतो, आणि त्यांपैकी एकही सजगतेच्या मालकीची नाही. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ४७ चाचण्यांतील ३,५१५ व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा घेताना, ज्यांत तुलनेचा गटही अशाच कशात तरी गुंतवलेला होता, त्याच चाचण्या विचारात घेतल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत लहान ते मध्यम सुधारणा होत असल्याचा मध्यम बळाचा पुरावा त्यांना मिळाला. ताण कमी होण्याविषयीचा पुरावा कमकुवत निघाला, प्रसन्न भावना वाढतात याला पुरेसा आधार सापडला नाही, आणि औषधे, व्यायाम किंवा अन्य मानसोपचार यांपेक्षा ध्यान सरस असल्याचे कोठेही आढळले नाही.

डॉक्टर : व्यायामाइतकाच उपयोग होतो, याचा अर्थ उपयोग होत नाही, असा होत नाही.

प्राध्यापक : निश्चितच नाही. मात्र मग सजगतेला इतरांहून वरचे स्थान देण्याचे कारणही उरत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी चालणे, समतोल राखण्याचे व्यायाम, पोषणाची माहिती आणि संगीत यांचा तेवढ्याच कालावधीचा अभ्यासक्रम मुद्दाम तयार केला आणि ताणशमनाच्या प्रशिक्षणाशी त्याची तुलना केली, तेव्हा दोन्हींकडच्या लोकांना साधारण सारखाच आराम पडला. मेंदूविषयीच्या दाव्यांचेही तेच झाले. आठ आठवड्यांत मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागाची घनता वाढते, ही २०११ सालची बातमी जगभर पोहोचली. तिच्या मुळाशी असलेल्या अभ्यासात प्रशिक्षण घेणारे केवळ १६ जण होते. त्या विस्कॉन्सिनमध्येच २१८ व्यक्तींवर केलेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या कसून केलेल्या अभ्यासात असा रचनात्मक बदल दिसला नाही, आणि ही दुसरी बातमी मात्र फारशी कोणापर्यंत गेली नाही.

डॉक्टर : मेंदूच्या आकाराचा दावा सोडून द्यायला हवा, यात वाद नाही. रुग्णाला झोप येते का, कामावर जाता येते का, मुलावर ओरडण्याआधी क्षणभर थांबता येते का, हेच उपचाराचे खरे मोजमाप आहे. त्यासाठी मेंदूच्या चित्राची साक्ष काढण्याची गरज नाही.

शाळा, कचेऱ्या आणि दुःखाची सामाजिक कारणे

आजारी व्यक्तीला तिच्या संमतीने दिलेला उपचार आणि निरोगी समूहाला सरसकट दिलेले प्रशिक्षण, यांत गुणात्मक फरक आहे. दिल्ली सरकारने २०१८ साली आपल्या शाळांत सुरू केलेल्या आनंद-अभ्यासक्रमात सजगतेच्या सरावाला स्थान दिले, महाराष्ट्रातील शाळांतही श्वासावर लक्ष ठेवण्याचा आनापान हा सराव शिकवला गेला आहे, आणि खासगी कंपन्या कर्मचाऱ्यांना ध्यानाचे ॲप मोफत देऊ लागल्या आहेत. त्यामुळे वादाचा हा भाग भारतीय वाचकाच्या अधिक जवळचा आहे.

प्राध्यापक : ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षे वयाच्या ८,००० हून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली हाती आले. शिक्षकांना रीतसर तयार करून सजगतेचे धडे दिलेल्या शाळा आणि भावनिक शिक्षणाचे नेहमीचे तास चालू ठेवलेल्या शाळा यांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. ज्यांना आधीपासून मानसिक त्रासाचा अधिक धोका होता, अशा मुलांच्या बाबतीत तर परिणाम किंचित उलट असल्याच्या खुणा दिसल्या.

डॉक्टर : सक्तीने बसवलेल्या वर्गाचा निष्कर्ष स्वेच्छेने आलेल्यांना लागू करता येणार नाही. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर केलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षण घेतलेल्यांची परीक्षेच्या दिवसांतली मानसिक अस्वस्थता इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. ते विद्यार्थी प्रौढ होते आणि आपण होऊन आले होते. अभ्यासिकेतल्या त्या विद्यार्थ्याला परीक्षापद्धती बदलेपर्यंत थांबता येत नाही. त्याला आज रात्री झोप हवी असते.

प्राध्यापक : त्याला झोप मिळावी, याला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती संस्थेने त्या झोपेआड लपण्याला. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सजगता, ताणनियोजनाचे वर्ग, स्वास्थ्याची ॲप अशा व्यक्तीला उद्देशून दिलेल्या उपक्रमांत भाग घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य, भाग न घेणाऱ्यांपेक्षा चांगले असल्याचे दिसले नाही. हा अभ्यास यादृच्छिक चाचणी नाही, हे खरे. तरी कामाचे तास, अपुरी माणसे आणि वरिष्ठांची वागणूक तशीच ठेवून कर्मचाऱ्याला श्वास मोजायला सांगितले, की संस्थेचा दोष कर्मचाऱ्याच्या मनाचा दोष बनतो. ज्या परंपरेतून सजगता आली तिचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा आधुनिक भाष्यकार हीच गोष्ट सांगून गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनाची रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला संघर्ष त्यांनी पुढे ठेवला. पाण्याच्या वाटपातून जन्मलेले दुःख केवळ आत पाहून मिटत नसते.

डॉक्टर : बाबासाहेबांच्या त्याच ग्रंथात मनाच्या संस्कारालाही मोठे स्थान आहे, सर; समाज बदलणारे मन घडवावे लागते, हे त्यांनी नाकारले नाही. उगाळण्यातच दिवस घालवणारा माणूस अन्यायाविरुद्ध उभाही राहू शकत नाही. तरीही एक गोष्ट मान्य आहे : संस्थेने कामाची पद्धत सुधारण्याऐवजी प्रशिक्षण दिले, तर ते प्रशिक्षण उपचार राहत नाही, ती पळवाट होते.

अपाय आणि पथ्य

प्राध्यापक : आणखी एक गोष्ट वर्गाच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. ज्या उपचाराचा परिणाम होतो, त्याचा अपायही होऊ शकतो. मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ८३ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के व्यक्तींना चिंता किंवा नैराश्य वाढणे यांसारखा काहीतरी त्रास झाल्याचे दिसले.

डॉक्टर : मानसोपचारांतही थोड्याफार रुग्णांना असा त्रास होतो, पण म्हणून तो लपवावा, असे मुळीच नाही. ज्याच्यावर अत्याचार झाला आहे किंवा ज्याने भीषण अपघात पाहिला आहे, अशा व्यक्तीला शांत बसवून शरीराकडे लक्ष द्यायला सांगितले, तर दडपलेली आठवण पूर्ण वेगाने वर येऊ शकते. भ्रम किंवा भास होणाऱ्या रुग्णाचा तोल दीर्घ मौनाने ढळू शकतो. म्हणून जबाबदार प्रशिक्षणात प्रवेशाआधी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत घेतली जाते, चालू औषधे परस्पर बंद न करण्याची ताकीद दिली जाते, डोळे उघडे ठेवण्याची आणि मध्येच थांबण्याची मोकळीक असते आणि त्रास झाल्यास कोणाकडे जायचे, हे आधीच ठरवून दिलेले असते. आठवड्यातून एकदा भेटणारा वर्ग आणि दहा दिवसांचे मौन यांची मात्राही सारखी नसते, आणि एक झेपले म्हणून दुसरे झेपेलच, असे धरून चालता येत नाही.

प्राध्यापक : मात्रा हा शब्द तुम्हीच वापरलात, डॉक्टर, आणि या चर्चेतला कळीचा शब्द तोच आहे. औषधाला मात्रा असते, पथ्य असते, ते कोणाला देऊ नये हे ठरलेले असते आणि ते लिहून देणारा जबाबदार असतो. हे सगळे नियम सजगतेला लावायचे ठरले, तर विरोधाचे फारसे कारण उरत नाही.

डॉक्टर : आणि ते नियम लावले, तर खोट्या आशेपायी होणारी निराशाही टळेल. भारतात तर ही काळजी अधिकच हवी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले, की मानसिक विकार असलेल्या ८० टक्क्यांहून अधिक व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. जिथे मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला एकही सापडत नाही, तिथे गटाने घेता येणारे, प्रशिक्षित समुपदेशकाला चालवता येणारे असे वर्ग उपयोगी पडू शकतात. पण जिथे औषधाची गरज आहे तिथे औषधाऐवजी ध्यान सांगितले गेले, तर ही दरी बुजल्याचा केवळ आभास होईल.

तीन प्रश्न

या संवादात दोन्ही बाजूंनी जे सोडून दिले आणि जे राखून ठेवले, ते एकत्र पाहिले तर एक निर्णय स्पष्ट होतो. सजगतेचे प्रशिक्षण गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न अशा मोघम रूपात विचारला, तर त्याचे उत्तर श्रद्धेवर किंवा संशयावर अवलंबून राहते. तोच प्रश्न तीन भागांत विचारला, तर उपलब्ध पुरावा बऱ्यापैकी नेमके उत्तर देतो.

पहिला भाग, कोणासाठी. नैराश्य वारंवार उलटलेल्या व्यक्तींसाठी, चिंताविकाराच्या अनेक रुग्णांसाठी आणि दीर्घकालीन वेदनांनी त्रासलेल्यांसाठी या प्रशिक्षणाला चांगला आधार आहे. स्वेच्छेने आलेल्या आणि सराव करण्याची तयारी असलेल्या निरोगी प्रौढांनाही त्याचा मर्यादित लाभ होतो. मात्र इच्छा नसलेल्या मुलांना वर्गात बसवून ते दिल्याने स्वास्थ्य वाढते, असे दिसत नाही. दुसरा भाग, कशाच्या तुलनेत. काहीच न करण्यापेक्षा हे प्रशिक्षण बरे आहे, याविषयी फारशी शंका नाही; व्यायाम, औषधे किंवा अन्य मानसोपचार यांच्याशी तुलना केली असता ते त्यांच्या पंक्तीत बसते, त्यांच्या वर जात नाही, आणि म्हणून ज्याला चालायला जाणे आवडते आणि डोळे मिटून बसणे आवडत नाही, त्याने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. तिसरा भाग, कशाच्या बदल्यात. आवश्यक औषधांच्या बदल्यात, तज्ज्ञाच्या सल्ल्याच्या बदल्यात किंवा जाचक कामाच्या अटी सुधारण्याच्या बदल्यात दिलेले प्रशिक्षण हानी करते, मग ते कितीही कुशलतेने दिलेले असो.

तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सर्वांत अधिक नुकसान तिथेच होते. शाळा, कचेरी किंवा शासकीय विभाग असा उपक्रम जाहीर करतो, तेव्हा पालकांनी, कर्मचाऱ्यांनी आणि नागरिकांनी हा प्रश्न उघडपणे विचारला पाहिजे : या वर्गाबरोबर समुपदेशक नेमला जाणार आहे का, कामाचे तास तपासले जाणार आहेत का, त्रास झालेल्याला कोठे पाठवले जाणार आहे? ज्यांना स्वतःसाठी प्रशिक्षण घ्यायचे आहे, त्यांनी शिक्षकाचे शिक्षण, प्रवेशापूर्वीची मुलाखत आणि थांबण्याची मुभा या तीन गोष्टी पाहूनच वर्ग निवडावा, आणि आपली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नयेत. झोप उडाली असेल, कामात मन लागेनासे झाले असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर आठ आठवड्यांच्या वर्गाची वाट न पाहता केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा. ही सेवा मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असते.